गुरुवारच्या रात्रीची वीस मिनिटे

प्रश्न : आम्ही अमेरिकेत व्हर्जिनियातील फेअरफॅक्स काउंटीत राहतो. मुलगी सहावीत असून बालवाडीपासून एका छोट्या एपिस्कोपल कॉन्व्हेंटमध्ये शिकते. शाळा आठवीपर्यंतच आहे आणि तिच्या वर्गात अवघी सोळा मुले आहेत. तिथे क्रमांक काढत नाहीत, आठवड्यातून दोनदा चॅपल म्हणजे सामुदायिक प्रार्थना असते आणि शुक्रवारी शेवटच्या तासाला सहावीची मुले बालवाडीतील आपापल्या जोडीदाराला गोष्ट वाचून दाखवतात. तो तास वाया जाऊ नये म्हणून मी तिला दीड वाजताच घेऊन गणिताच्या क्लासला सोडतो; इतर तीन दिवस शाळा सुटल्यावर क्लास असतो. तरीही दर गुरुवारी रात्री ती त्या मुलासाठी चिठ्ठी लिहिण्यात वीस मिनिटे घालवते. चॅपलच्या वेळेत तिला ग्रंथालयात गणिते सोडवू द्यावीत, ही माझी विनंती शाळेने नाकारली. सांगलीला माझी आई धर्मांतराच्या शंकेने अस्वस्थ आहे. मुलगी हल्ली फारशी बोलत नाही. मी स्वतः बारावीला बोर्डाच्या गुणवत्ता यादीत होतो. तिला थॉमस जेफरसन या निवडक मुलांनाच घेणाऱ्या सरकारी विज्ञान हायस्कूलमध्ये प्रवेश मिळावा म्हणून सातवीपासून पब्लिक म्हणजे सरकारी शाळेत घालावे का? पाच वर्षांच्या गुणांचा तक्ता सोबत जोडला आहे.
– एक पालक

उत्तर : तुमचा तक्ता मी पाहिला. मुलगी गणितात उत्तम आहे, वाचनात त्याहून चांगली आहे आणि त्या आकड्यांत मला काळजीचे काहीही आढळले नाही. मी थबकलो तो पत्रातील दोन वाक्यांपाशी. एक चिठ्ठीचे, आणि दुसरे, आईच्या शंकेच्या आणि स्वतःच्या गुणवत्ता यादीच्या मध्ये तुम्ही घाईने लिहून टाकलेले : ‘मुलगी हल्ली फारशी बोलत नाही.’ माझ्या मते तुमच्या पत्राचा विषय हाच आहे.

आधी चिठ्ठीबद्दल. अशा शाळांमध्ये मोठ्या वर्गातील प्रत्येक मुलाला बालवाडीतील एक मूल वर्षभरासाठी नेमून देतात. दोघे गालिच्यावर शेजारी बसतात, पुस्तक लहान निवडतो आणि मोठा वाचतो. चॅपलमध्येही पुष्कळदा ही जोडी एकाच बाकावर असते आणि गीताचे पान मोठ्याने लहानाला काढून द्यायचे असते. शुक्रवारी दीड वाजता तुमची गाडी येते, तेव्हा तुमच्या मुलीचा जोडीदार बहुधा दुसऱ्या एखाद्या जोडीत तिसरा म्हणून जाऊन बसत असेल. तुमच्या मुलीला हे ठाऊक आहे. म्हणून ती आदल्या रात्री त्याच्यासाठी काहीतरी लिहून ठेवते. पाच वर्षांच्या मुलाला स्वतःची स्वतः वाचता येईल अशी चिठ्ठी लिहायची, तर त्याला कोणती अक्षरे येतात हे आठवावे लागते, तीन-चार अक्षरांचे सोपे इंग्रजी शब्द शोधावे लागतात, वाक्य तोडून लहान करावे लागते, आणि जिथे शब्द जमत नाही तिथे चित्र काढावे लागते. या कामाला वीस मिनिटे लागली, तर ती मला जास्त वाटत नाहीत. अकरा वर्षांची मुलगी जोडीदाराला दिलेला पण मोडलेला शब्द आपल्या परीने सांधू पाहते आहे. तो मोडायला मात्र तिला तुम्ही लावले आहे. त्यानंतर ती तुमच्याशी फारशी बोलत नसेल, तर मला त्याचे आश्चर्य वाटत नाही.

स्वतःच्या बारावीचा उल्लेख तुम्ही सहज केला असेल, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. एका मार्काने शाखा आणि एका मार्काने कॉलेज बदलणारी ती व्यवस्था तुम्ही पार केलीत, याचे श्रेय तुमचेच आहे. पण तिच्यातली धास्ती तुम्ही सामानाबरोबर व्हर्जिनियाला नेलीत आणि तीही सहा वर्षे अलीकडे ओढून सहावीतल्या मुलीच्या माथी मारलीत. तिथे विद्यापीठाच्या प्रवेशासाठी नववीपासूनचे गुण पाहतात. आठवीत किंवा त्याआधी घेतलेल्या अल्जिब्रासारख्या हायस्कूलच्या दर्जाच्या विषयाची नोंद काही ठिकाणी पुढे जाते, एवढाच काय तो अपवाद. सहावीतला बी प्लस कोणीही मागणार नाही.

आता एक गैरसमज, जो ‘कॉन्व्हेंट’ या तुमच्या शब्दातच दडला आहे. इंग्रजी माध्यम आणि छपरावर क्रूस दिसला की आपण मराठी माणसे त्या शाळेला सरसकट कॉन्व्हेंट म्हणतो, आणि मग तिच्याकडून कडक शिस्त, क्रमांक आणि नन्स यांची अपेक्षा तरी करतो किंवा धास्ती तरी घेतो. कॉन्व्हेंट हा मूळचा जोगिणींचा मठ, आणि आपल्याकडच्या बहुतेक कॉन्व्हेंट शाळा रोमन कॅथलिक. एपिस्कोपल चर्च ही इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चची अमेरिकेतील शाखा आहे. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तिथल्या धर्मगुरूंना इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेणे शक्य राहिले नाही, म्हणून त्यांचे पहिले बिशप सॅम्युअल सीबरी यांना १७८४ मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनला जाऊन दीक्षा घ्यावी लागली. या चर्चमध्ये पाद्री लग्न करतात आणि १९७६ च्या निर्णयापासून स्त्रियाही पाद्री होतात. त्यामुळे शाळेच्या चॅप्लिन म्हणजे पाद्री एखाद्या दोन मुलांच्या आई असल्या तरी कोणाला नवल वाटत नाही. याच परंपरेतील शाळा तुमच्या आईंना परक्या नाहीत : मुंबईची कॅथीड्रल आणि १८६४ साली सुरू झालेली पुण्याची बिशप्स या तिच्याच चुलत बहिणी, आणि गणपतीची आरती पाठ असलेली मराठी मुले तिथून पिढ्यानपिढ्या बाहेर पडली आहेत. आईंची शंका हवेतून आलेली आहे असे मात्र मी म्हणणार नाही. १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातून याच भीतीपोटी पुण्यातील पालकांनी मुली काढून घेतल्या होत्या, आणि ती आठवण आपल्या घराघरांत कुठल्या ना कुठल्या रूपात उरलेली आहे. म्हणून त्यांना रागे भरू नका. एकदा मुलीलाच फोनवर चॅपलमध्ये काय होते ते सांगू द्या. एक गीत, एक वाचन, छोटी प्रार्थना, कोणाचा वाढदिवस असेल तर त्याच्यासाठी आशीर्वाद, एखाद्या मोठ्या विद्यार्थ्याचे चार शब्द, असा हा सर्वसाधारण क्रम असतो. कम्युनियनचा म्हणजे पाव-द्राक्षरसाच्या प्रसादाचा विधी असेल त्या दिवशी बाप्तिस्मा न झालेले मूल जागेवर बसून राहू शकते, किंवा छातीवर हातांची घडी घालून पुढे गेले तर त्याला नुसता आशीर्वाद मिळतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला संत फ्रान्सिसच्या दिवसाच्या निमित्ताने मुले घरचे कुत्रे, मांजरे, क्वचित गोगलगाय घेऊन येतात आणि चॅप्लिन त्यांनाही आशीर्वाद देतात. आईंना हे ऐकताना आपला बैलपोळा आठवला, तर फार चूक होणार नाही.

चॅपलऐवजी ग्रंथालयात गणिते सोडवण्याची विनंती शाळेने नाकारली, यात शाळेचे बरोबर होते. सगळी शाळा एका छताखाली येण्याची ती वेळ असते. त्यातून एकाच मुलीला उठवून बाजूला बसवणे ही सवलत झाली नसती. तिला ती शिक्षाच वाटली असती.

थॉमस जेफरसनबद्दल थोडक्यात. तुमच्या हिशोबात एक गोष्ट खरी आहे आणि ती मी लपवणार नाही. २०२० मध्ये काउंटीच्या शिक्षण मंडळाने तिथली प्रवेश परीक्षा आणि शंभर डॉलरचे अर्जशुल्क रद्द करून प्रत्येक पब्लिक मिडल स्कूलच्या आठवीतील दीड टक्का मुलांसाठी जागा ठेवल्या. खासगी शाळांतील मुलांना उरलेल्या जागांसाठी झुंजावे लागते. हा वाद न्यायालयात गेला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकण्यास नकार दिला. तेव्हा शाळा बदलल्याने संधी वाढू शकते. पण आठवड्यातून चार दिवसांचा क्लास जर प्रवेश परीक्षेच्या नावाने पैसे घेत असेल, तर ती परीक्षाच उरलेली नाही, मग पैसे कशाचे, हे त्यांना एकदा विचारा. निवडीत आता गुणांबरोबर विद्यार्थ्याने स्वतःबद्दल लिहिलेला मजकूरही तपासतात. त्या मजकुरात बालवाडीतल्या जोडीदाराला जागा मिळू शकते, हे खरे तर मी तुम्हाला सांगायला नको होते, कारण उद्या तुम्ही शुक्रवारचा तासही तक्त्यात घालाल.

छोट्या शाळेची बाजू मी आंधळेपणाने घेत नाही. सोळा मुलांच्या वर्गात दोन मैत्रिणींचे भांडण झाले, तर तिसरा कोपराच नसतो. गणिताचे शिक्षक एकच असतात आणि ते सोडून गेले की वर्षच गडगडते. मोठा वाद्यवृंद, रोबोटिक्सची प्रयोगशाळा किंवा तीन-तीन परकीय भाषा तिथे मिळत नाहीत, आणि फी तर तुम्ही मोजताच आहात. त्याच सोळा चेहऱ्यांचा सात वर्षांत कंटाळा आला, असे मुलगी स्वतः म्हणाली, तर सातवीत शाळा बदलण्याला माझा काडीचाही विरोध नाही. पण तसे ती म्हणाल्याचे तुम्ही कुठे लिहिलेले नाही, आणि शाळा आठवीला संपतेच. बदल तर दोन वर्षांनी आपल्या पायांनी चालत येणार आहे.

म्हणून तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी आज देत नाही. शाळेत जाऊन एवढेच विचारा की आठवीत अल्जिब्रा वन शिकवतात का, आणि त्याच्या पुढे जाणाऱ्या मुलाची काय सोय करतात. सोय नसेल तर एका उन्हाळ्यातील एक ऑनलाइन अभ्यासक्रम पुरेसा होईल. क्लास चारऐवजी एक दिवस ठेवा, आणि तो एक दिवस शुक्रवार नसावा. मुलीशी बोलायचे असेल तर गाडीत बोलू नका, तिथे तिला उतरून जाता येत नाही. भांडी लावताना किंवा पोळ्या लाटताना बोला, आणि गणिताचा विषय तुम्ही काढू नका. तिला त्या मुलाचे नाव विचारा, त्याला कोणते पुस्तक आवडते ते विचारा. संपूर्ण पत्रात तुम्ही त्याला ‘तो मुलगा’ म्हणाला आहात, आणि मला वाटते, त्याचे नाव तुम्हाला माहीत नाही.

शुक्रवारी येणार नाही, अशी ईमेल क्लासला पाठवलीत की मला कळवा. थॉमस जेफरसनचे आपण त्यानंतर पाहू.