हिरवा बेदाणा पिवळा का दिसला?

मार्च उजाडला की सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या चष्म्याच्या दुकानात गॉगलची चौकशी सुरू होते आणि या सदराकडेही रंगीत काचांबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त दिली, कारण त्यातला प्रश्न स्वतः करून पाहिल्याशिवाय मलाही उत्तर लिहवेना.

ताई, नमस्कार. तासगावला बेदाण्याचे सौदे करतो, बावीस वर्षं झाली. उन्हानं डोळे चुरचुरायचे म्हणून फेब्रुवारीत नंबरच्या चष्म्यालाच तपकिरी टिंट मारून घेतली. डोळ्यांना थंडावा मिळाला, पण दोनदा असं झालं की पिवळसर म्हणून ज्या मालाला मी कमी बोललो, तो शेजारच्यानं हिरवा म्हणून उचलला. मुलगा म्हणतो, बाबा, तुमचे डोळे थकले. मोतीबिंदू तर नसेल? वय ५४.
— एक व्यापारी, तासगाव

दादा, तुमचं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी मी पाव किलो हिरवा आणि पाव किलो पिवळा बेदाणा आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या खिडकीत पांढऱ्या ताटलीत दोन ढीग शेजारी शेजारी ठेवले आणि टिंटच्या नमुन्याच्या काचा एकेक करून डोळ्यांपुढे धरल्या.

ग्रे काचेतून दोन्ही ढीग अंधारले, पण हिरवा हिरवाच राहिला आणि पिवळा पिवळाच. तपकिरी काच धरली आणि हिरव्या बेदाण्यावरची ती पोपटी झाक गेली. दाणा मधासारखा दिसायला लागला. शेजारचा पिवळा ढीग आधीच मधासारखा होता. दोन्हींत फरक उरला, पण इतका थोडा की सौद्याच्या घाईत तो हातून निसटणारच. हिरव्या काचेनं उलटी फसवणूक केली, पिवळ्या मालालाही थोडा हिरवेपणा दिला.

कारण असं आहे. आपल्याला दिसणारा उजेड साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा असतो. निळा ४५०च्या आसपास, हिरवा ५३०च्या, पिवळा ५८०च्या, त्याच्या पुढे तांबडा. ग्रे काच या सगळ्यांना जवळपास सारखीच कात्री लावते, म्हणून उजेड कमी होतो पण रंगांचं आपसातलं नातं टिकतं. तपकिरी काच निळा सर्वांत जास्त अडवते, हिरवा त्याहून कमी आणि तांबडा सर्वांत कमी. दूरच्या डोंगरावरचं धुरकट निळसरपण त्यामुळे कापलं जातं आणि कडा उठून दिसतात. तुम्हाला जो आराम वाटला, जे स्पष्ट दिसल्यासारखं वाटलं, ते खोटं नव्हतं. शेतात फिरायला, क्रिकेटला तपकिरी काच मी स्वतः देते. पण ज्याची रोजीरोटी हिरव्या आणि पिवळ्यातल्या फरकावर चालते, त्याला ती द्यायला नको होती. टिंट करून देणाऱ्यानं तुमचा धंदा विचारायला हवा होता. मी माझ्याकडच्या मुलांना हेच शिकवते: आधी काम विचारा, मग रंग सुचवा.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल, कारण ती कोणाच्याच लक्षात येत नाही. डोळा आणि मेंदू रंगीत काचेला दहा मिनिटांत सरावतात. पांढरा सदरा पुन्हा पांढरा वाटायला लागतो आणि आपण रंगीत काचेतून बघतोय याचा विसर पडतो. घरी करून पाहा. चष्मा दहा मिनिटं घाला, पांढऱ्या भिंतीकडे बघत एकदम काढा. भिंत क्षणभर निळसर दिसेल. मेंदूनं चुपचाप केलेली भरपाई ती. मात्र ही भरपाई पांढऱ्यापुरती बरी जमते. काचेनं जो बारीक फरक आत येऊच दिला नाही, तो मेंदू कुठून आणणार?

बेदाणा वाळवायच्या शेडवर माल बघायला जाता तेव्हा तर दोन काचा होतात. डोक्यावरची हिरवी नेट हीसुद्धा एक रंगीत काचच. तिच्याखाली मालाचा रंग ठरवू नका, मूठभर दाणे ओंजळीत घेऊन उघड्यावर या, सावलीत उभे राहा आणि साध्या काचेतून बघा.

तेव्हा दोन चष्मे करा. सौद्याच्या हॉलसाठी साधी पांढरी काच, अँटिग्लेअर कोटिंगची. रस्त्यासाठी आणि शेतासाठी ग्रे. ग्रे किती गडद? गॉगलला शून्य ते चार असे वर्ग असतात. दोन नंबरच्या वर्गातून १८ ते ४३ टक्के उजेड आत येतो, तीन नंबरच्या वर्गातून ८ ते १८. आपल्या उन्हाला तीन नंबर ठीक. दुकानात मात्र शब्द जपून वापरा. आमच्या बोलण्यात ‘८५ टक्के टिंट’ म्हणजे ८५ टक्के उजेड अडवणारी काच, आत येणार फक्त १५.

आता मोतीबिंदू. मुलाचं म्हणणं उडवून लावू नका. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग वयाबरोबर पिवळं पडत जातं. तोही एक टिंटच, हळूहळू चढणारा. ऑपरेशननंतर पट्टी काढल्यावर ‘आकाश एवढं निळं होतं होय?’ असं म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. चष्मा काढूनही रंग मळकट वाटत असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. तुमच्या बाबतीत फेब्रुवारीच्या आधी अशी चूक झाली नव्हती, म्हणून माझा पहिला संशय काचेवर आहे.

मॅडम, मी साताऱ्याहून पुण्याला गाडी चालवतो. पहाटे चारला पहिली फेरी, दिवसभर ये-जा, रात्री परततो. समोरच्या लाइटचा त्रास होतो म्हणून एका ढाब्यावरून पिवळा ‘नाइट ड्रायव्हिंग’चा गॉगल घेतला. दिवसा काळा असतो. खंबाटकीच्या बोगद्यात शिरलं की क्षणभर काहीच दिसत नाही. उपाय सांगा. वय ४६.
— एक चालक, सातारा

भाऊ, पिवळा गॉगल आजपासून रात्री घालू नका. घातल्यावर सगळं उजळ वाटतं हे खरं, पण काच उजेड वाढवू शकत नाही, फक्त कमी करू शकते. अमेरिकेत बोस्टनच्या संशोधकांनी गाडीच्या सिम्युलेटरवर हेच तपासलं. पिवळ्या चष्म्यांमुळे रस्त्यावरचा पादचारी लवकर दिसतो का, समोरच्या दिव्यांचा त्रास कमी होतो का, याची मापं घेतली. फायदा आढळला नाही. ते काम २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. पहाटेच्या अंधारात वेळे गावाच्या आसपास कडेनं चालणारा माणूस गडद कपड्यांत असतो. त्याच्या अंगावरून तुमच्याकडे येणारा उजेड आधीच थोडा, त्यातला काही तुम्ही पैसे देऊन अडवताय.

समोरच्या लाइटचा त्रास बहुतेक वेळा दुसरीकडून येतो. पुढची काच आतून कधी पुसली होती? बाहेरून सगळे पुसतात, आतल्या बाजूला धुरकट थर बसतो आणि प्रत्येक दिवा त्यावर पसरतो. चष्म्याच्या काचेवरचे ओरखडे तेच करतात. नंबर अर्धा जरी बदललेला असला तरी रात्री जाणवतो. हे सगळं करूनही दिव्याभोवती कडं दिसत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

बोगद्याचं आता मनावर घ्या. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत शिरताना बाहुली मोठी व्हायला वेळ लागतो, आणि काळोखाला पूर्ण सरावायला तर डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. दोन सेकंद आंधळे गेले तर ४४ मीटर गाडी तुमच्या नजरेशिवाय गेली. पुढे बंद पडलेला ट्रक असला तर? बोगद्याचं तोंड दिसलं की वेग कमी करा आणि आत शिरायच्या आधीच गॉगल कपाळावर चढवा. चार नंबर वर्गाचा, म्हणजे ८ टक्क्यांहून कमी उजेड आत सोडणारा गॉगल असेल तर तो गाडी चालवण्यासाठी नसतोच.

उन्हात आपोआप काळा होणारा चष्मा घेऊ का, असं पुढे विचाराल म्हणून सांगते. तो अतिनील किरणांनी काळा होतो आणि गाडीची पुढची काच ते किरण अडवते, त्यामुळे गाडीत तो फारसा काळा होत नाही. शिवाय या काचा थंडीत जास्त गडद होतात, कडक उन्हाळ्यात कमी. महाबळेश्वरला डिसेंबरात जितकी काळी होईल तितकी मे महिन्यात सांगलीत होणार नाही, आणि गिऱ्हाईक माझ्याशी भांडतं की काच खराब निघाली.

दिवसासाठी तुम्हाला पोलराइज्ड ग्रे योग्य. डांबरावरून, पुढच्या गाडीच्या टपावरून उसळणारी चकाकी बरीचशी आडव्या कंपनाची असते, तेवढीच तो नेमकी गाळतो. सांगलीत कधी आलात तर सकाळी आयर्विन पुलावर थांबून तो घालून कृष्णेकडे बघा. चकाकी जाऊन पाण्याचा खरा रंग दिसेल. मान खांद्याकडे कलवली की चकाकी परत येईल. एकच अडचण आहे, मोबाइलवरचा नकाशा काही कोनांतून काळा दिसतो. फोन आडवा-उभा लावून आधी तपासून घ्या.

ताई, मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. अभ्यासिकेतल्या ट्यूबलाइटनं डोकं उठतं, अर्धशिशी आहे असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या चालू आहेत. आता मी आतही काळा गॉगल घालून बसते. आई चिडते. तिला काय सांगू?
— एक विद्यार्थिनी, मिरज

आईला सांग की तिचं बरोबर आहे. आणि तुझा त्रास खरा आहे, हेही तिला माझ्या वतीनं सांग.

हे मी स्वतः भोगलंय. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मला असेच झटके यायचे. वर्गात, मेसमध्ये, खोलीत, चार महिने मी काळा गॉगल काढला नाही. शेवटी अशी वेळ आली की गॉगल न घालता पडद्याच्या फटीतून आलेली उन्हाची एक रेघसुद्धा सहन होईना. डोळा कायम काळोखात ठेवला की तो काळोखालाच सरावतो आणि साधा उजेड त्याला भगभगीत लागतो. आमच्या एका बाईंनी तो गॉगल सोडवला, पण एकदम नाही. आधी खोलीत अर्धा तास, मग जेवताना, मग वर्गात, आणि उन्हात टोपी. पहिला आठवडा मी रोज रडले. सहाव्या आठवड्याला वाचनालयात खिडकीजवळ बसू शकले. तूही तसंच कर, घाई नको.

अर्धशिशीच्या लोकांसाठी एक वेगळी टिंट आहे, गुलाबी, ‘एफएल-४१’ नावाची. मूळ ती ट्यूबलाइटचा त्रास होणाऱ्यांसाठी होती. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला अर्धशिशीच्या मुलांवर ती वापरून पाहिली, १९९१ साली ते प्रसिद्ध झालं. महिन्याला सरासरी ६.२ झटके येत होते ते १.६ वर आले. अभ्यास छोटा होता, म्हणून मी तिला रामबाण म्हणत नाही. पण तिच्यामागचं कारण पुढे उलगडत गेलं. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचं काम चित्र दाखवण्यापेक्षा उजेड किती आहे हे कळवण्याचं जास्त. ४८० नॅनोमीटरच्या निळसर उजेडाला त्या सर्वांत जास्त प्रतिसाद देतात आणि डोकेदुखीच्या वाटेशी त्यांचा संबंध आहे. दृष्टी गेलेल्या, पण उजेड जाणवणाऱ्या काही माणसांचीही अर्धशिशी उजेडानं वाढते, ती यामुळे. एफएल-४१ नेमका हा निळा-हिरवा पट्टा कापते आणि बाकीचा उजेड येऊ देते, म्हणून डोळा काळोखाला सरावत नाही.

दुकानात ‘गुलाबी टिंट द्या’ म्हणालीस तर कुठलीही गुलाबी मिळेल. नुसत्या रंगावरून ती ओळखता येत नाही, नाव घेऊन माग. मोबाइल-कॉम्प्युटरसाठी म्हणून विकली जाणारी ब्लू-कट काच म्हणजेही ती नव्हे. तोपर्यंत अभ्यासिकेत ट्यूबच्या थेट खाली बसू नकोस, लुकलुकणारी ट्यूब असेल तर बदलायला लाव. आणि एक नीट लक्षात ठेव: एकच डोळा लाल होऊन दुखायला लागला, उजेड सहन होईना, दिसायला धूसर झालं, तर कुठलीच टिंट नको, त्याच दिवशी डोळ्यांचा दवाखाना गाठ.

माझे मिस्टर कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनला आहेत. छोटं काम असलं की वेल्डिंगची काच न घेता दोन काळे गॉगल एकावर एक घालतात. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, तळमळतात. चालेल का?
— एक वाचक, सांगली

नाही चालणार, वहिनी. त्या वाळूनं डोळ्याचा पृष्ठभाग अतिनील किरणांनी भाजलाय हे कळतं. भाजणं काही तासांनी जाणवतं, म्हणूनच काम दुपारी आणि तळमळ रात्री. काळेपणा आणि अतिनील किरण अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अतिनील न अडवणारी काळी काच असेल तर तिच्यामागे बाहुली मोठी होते आणि किरणांना दार आणखी उघडं मिळतं. शिवाय बाजूनं येणारा झोत गॉगल अडवतच नाही.

आर्क वेल्डिंगला साधारण १० ते १२ नंबरची काच लागते. हा नंबर वेल्डिंगच्या काचेच्या गडदपणाचा, वर सांगितलेल्या गॉगलच्या वर्गाचा नव्हे. गॅस कटिंगच्या गॉगलची ५ नंबरची काचही पुरत नाही. नंबर काचेच्या कोपऱ्यात छापलेला असतो. उद्या सकाळी ते निघायच्या आधी त्यांच्या शील्डची काच उजेडात धरून बघा. नंबर सापडला नाही, काच तडकलेली असली, तर नवी आणायला लावा. ते काळे गॉगल माझ्याकडे घेऊन या. मीटरवर अतिनील किरण किती येतात ते पाच मिनिटांत दिसतं, त्याचे पैसे मी घेत नाही. आणि आज रात्री पुन्हा तसं झालं तर डोळे चोळू देऊ नका, शेजारच्यांकडे उरलेले थेंब घालू नका, सकाळी डॉक्टरांना दाखवा.