फिल्टर बिघडला की भरला?

प्रश्न : आमच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला ३.५ मिलिग्रॅम निघालं. टाकीखाली ५० किलो ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचा (फ्लोराइड धरून ठेवणारे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे दाणे) फिल्टर बसवला. पहिल्या दिवशी ०.५ आलं, दीड महिन्यानं तपासलं तर ३.२. बसवणारे म्हणतात माल बदला, गावकरी म्हणतात आरओ आणा. रोज दोन हजार लिटर पाणी जातं.
– ग्रामपंचायत सदस्य, केळापूर तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : माल खराब नसावा, भरला असावा. अल्कधर्मी (पीएच ७ च्या वरच्या) पाण्यात एक किलो ॲल्युमिना साधारण एक ग्रॅम फ्लोराइड धरतं. म्हणजे तुमच्याकडे ५० ग्रॅमची जागा. लिटरमागे ३ मिलिग्रॅम धरलं तर दोन हजार लिटरला रोज ६ ग्रॅम. आठ-नऊ दिवसांतच जागा संपली. दीड महिन्यानं कळलं, कारण तपासलंच तेव्हा.

धुणीभांडी, आंघोळ बोअरच्याच पाण्यावर ठेवा. फिल्टरचं पाणी फक्त पिण्या-रांधण्याला, २५ घरांना घरटी २० लिटर. मग हाच माल महिनाभर पुरेल. तोटीवर मीटर लावून लिटर मोजा. दर आठवड्याला किटनं तपासून मीटरचा आकडा आणि फ्लोराइड वहीत शेजारी लिहा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची मर्यादा लिटरला १.० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. फिल्टरचं पाणी १.० ला पोचलं की तुम्ही तिथेच थांबा, माल भरला समजा. प्रयोगशाळेचा नमुना प्लास्टिकच्या बाटलीत द्या, काचेत नाही. टीडीएस मीटर विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा एकत्र अंदाज देतं, फ्लोराइड सांगत नाही. त्यावर भरवसा ठेवून बरेच जण फसतात.

भरलेला माल फेकू नका. एक टक्का कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात (१० लिटरला १०० ग्रॅम) आठ तास, अधूनमधून ढवळत ठेवा. धुवा, मग पातळ गंधकाम्लात बुडवून पुन्हा धुवा, पीएच ७ च्या आसपास येईपर्यंत. इथे घाई झाली की पाणी अल्कधर्मीच राहतं आणि फ्लोराइड चिकटत नाही. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे, चष्मा हवाच. उरलेल्या सोड्याच्या पाण्यात सगळं फ्लोराइड उतरलेलं असतं. ते विहिरीजवळ वा नाल्यात सोडू नका, पक्क्या टाक्यात साठवा.

आरओचा विचार नायट्रेटही लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर करा. नायट्रेटपुढे ॲल्युमिना हतबल आहे. मात्र आरओचं बरंच पाणी वाया जातं आणि त्यात फ्लोराइड आणखी दाट होतं.

या सगळ्याआधी एक विचारतो : जवळची उघडी विहीर तपासलीत का? खोल कातळातल्या बोअरपेक्षा तिथे फ्लोराइड बरेचदा कमी असतं. नायट्रेट आणि जंतू मात्र पाहून घ्या.

प्रश्न : पाणी उकळून किंवा तुरटी फिरवून फ्लोराइड जातं का?

उत्तर : उकळून नाही. वाफ उडते, फ्लोराइड भांड्यातच राहतं. दोनदा फिरवलेल्या तुरटीनं गाळ बसतो, एवढंच. नागपूरच्या नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेची फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत तुरटीचीच, पण तीत चुन्यासोबत लिटरला शेकडो मिलिग्रॅम तुरटी लागते, तीही पाण्याची क्षारता मोजून.