केळीच्या साली, नारळाची करवंटी वापरून बोअरच्या पाण्यातलं शिसं, आर्सेनिक काढता येतं का?

शिसं, कॅडमियम, तांबं बऱ्यापैकी निघतं. आर्सेनिकचं गणित वेगळं आहे.

केळीची साल, भाताचं तूस, लाकडाचा भुसा यांत कार्बॉक्सिल आणि हायड्रॉक्सिल नावाचे, धनभाराला ओढणारे अणूंचे गट असतात. शिशाचे आयन (विद्युतभार असलेले कण) धनभारित, त्यामुळे ते या गटांना चिकटतात. पाणी फार आम्लधर्मी असेल तर पकड सुटते. शिवाय सालीची जागा भरली की ती पुढे काहीच धरत नाही, आणि हे डोळ्यांना दिसत नाही. कच्ची साल पाण्यात रंग आणि वासही सोडते.

आर्सेनिक पाण्यात ऋणभारित किंवा भाररहित रूपात असतं, म्हणून साल त्याला फारशी धरत नाही. तिथे लोखंड लागतं. बांगलादेशातल्या सोनो या आर्सेनिक काढणाऱ्या घरगुती फिल्टरमध्ये बादल्या, वाळू, कोळसा, विटांचे तुकडे आणि प्रक्रिया केलेला लोखंडाचा कीस असतो. तो तयार करणारे रसायनशास्त्रज्ञ अबुल हुस्साम यांना त्यासाठी २००७ मध्ये अमेरिकेतला ग्रेंजर पुरस्कार मिळाला.

पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. घरगुती प्रयोगावर विसंबून पिऊ नका, आधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. आणि उकळून धातू जात नाहीत, उलट पाणी आटल्याने प्रमाण वाढतं.