पॉडकास्टच्या ट्रान्स्क्रिप्टमधून शो नोट्स आणि लेख कसे तयार करायचे?

तुमच्या मराठी पॉडकास्टचे तीस भाग झालेत, सगळ्यांची ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे बोलण्याचा लिखित मजकूर, यंत्राकडून काढून ठेवली आहेत, आता त्यांच्या शो नोट्स (भागाखाली देतात ती थोडक्यात माहिती) आणि लेख करायचे आहेत आणि ते काम सरळ एआयकडे सोपवावं का, असं तुम्ही विचारलंय. मी आणि माझी मैत्रीण सांगलीतून असाच पॉडकास्ट चालवतो. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर, हळदीचे अडते, तासगावकडचे बेदाणेवाले यांच्याशी गप्पा मारतो. लिहायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून अनुभवाने सांगते: एआयला शोधायला लावा, लिहायला लावू नका. आणि त्याच्याही आधी ट्रान्स्क्रिप्ट समोर ठेवून अख्खा भाग एकदा ऐका. हे टाळलंत तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

आमची गेली होती. मिरजेत तानपुरे करणाऱ्या एका चाचांनी आम्हाला जवारी समजावून सांगितली होती. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानशीने अलगद घासून त्याला असा बारीक उतार द्यायचा की तार त्याला चाटून जाते आणि स्वर भरून येतो. यंत्राने सगळीकडे ‘ज्वारी’ लिहिलं. मी घाईत होते, भाग पुन्हा ऐकला नाही, एआयकडून सारांश करून घेतला आणि टाकला. त्यात वाक्य होतं, ‘तानपुऱ्याच्या घडणीत ज्वारीचा वापर होतो.’ दुसऱ्या दिवशी चाचांच्या पुतण्याचा फोन आला. “ताई, चाचांनी वाचलं. काही बोलले नाहीत.” ज्या माणसाने आयुष्य त्या घोडीवर घातलं, त्याच्या नावावर आम्ही हे छापलं होतं. मजकूर लगेच काढला, घरी जाऊन माफी मागितली, आणि तेव्हापासून न ऐकता एक ओळही बाहेर जात नाही.

म्हणून पहिलं काम शब्दांचं. बोलणं ऐकून लिहून देणारं ओपनएआयचं व्हिस्पर २०२२पासून फुकट मिळतं आणि त्याला मराठी येतं, पण धंद्यातले शब्द येत नाहीत. ते आवाजाचे ३० सेकंदांचे तुकडे करून ऐकतं. मध्ये शांतता आली तर कधी कधी कुणीच न बोललेलं वाक्य लिहितं किंवा एकच ओळ पुन्हा पुन्हा टाकतं. सुरुवातीला सूचना म्हणून वीस-पंचवीस शब्द देता येतात: जवारी, घोडी, पेव, हळकुंड, सौदा, पाहुण्यांचं नाव, गावाचं नाव. त्याने चुका कमी होतात, संपत नाहीत. ऐकताना नावं, आकडे आणि धंद्याचे शब्द एवढ्यांवरच डोळा ठेवा. ‘म्हणजे’ आणि ‘कसंय’ यांच्या मागे लागू नका, ते पुढे आपोआप गळतात.

शो नोट्स कुणासाठी, हे एकदा नक्की केलं की त्या झटपट होतात. एक वाचक भाग ऐकावा की नाही ते ठरवत असतो, दुसरा ऐकून झाल्यावर ‘ते कुठे बोलले होते?’ म्हणून परत येतो. पहिल्याला दोन-तीन ओळी पुरतात, दुसऱ्याला वेळा लागतात, म्हणजे कोणत्या मिनिटाला काय आहे ते. यूट्यूबवर वर्णनात वेळा लिहिल्या की आपोआप विभाग पडतात. पहिली वेळ ०:०० हवी, अशा निदान तीन नोंदी हव्यात, त्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक विभाग किमान १० सेकंदांचा हवा. एआयची खरी मदत इथे होते. ‘कोणत्या मिनिटाला विषय बदलतो?’ एवढंच विचारा, आलेल्या वेळा तपासा आणि शीर्षकं स्वतः लिहा. यंत्र ‘१७:४० जवारीविषयी चर्चा’ असं देतं. आम्ही लिहिलं, ‘१७:४० कानस कुठे थांबवायची, हे कान सांगतो’. त्या भागाबद्दल विचारणारे बहुतेक जण याच ओळीचं नाव घेतात.

लेखाचं काम वेगळं आहे, आणि बरेच जण इथे फसतात. पंचेचाळीस मिनिटांच्या गप्पांचे माझ्याकडे साडेपाच हजारांच्या आसपास शब्द होतात. ते आटवून आठशेवर आणले की लेख होत नाही, नुसता चोथा उरतो. भागातली एकच गोष्ट उचला. बोलणं घराण्यापासून सुरू झालं असेल, पण जीव जर एकतिसाव्या मिनिटाला असेल तर लेख तिथून सुरू करा. बाकीच्याचे पुढे आणखी दोन लेख होतील, नाहीतर ते ऐकणाऱ्यांसाठी राहील.

पाहुण्यांचं वाक्य घेताना काय काढायचं आणि काय ठेवायचं, याचा नमुना देते. चाचा बोलले होते: “म्हणजे कसंय ताई, भोपळा येतो आपला पंढरपूरकडनं, तर तो आधी, म्हणजे वाळला पाहिजे नीट, वाळला की मग हात लावायचा, नायतर काय होतं, फुटतो.” छापलं ते असं: “भोपळा येतो पंढरपूरकडनं. नीट वाळला की मग हात लावायचा, नायतर फुटतो.” अडखळणं काढलं, पण ‘पंढरपूरकडनं’ आणि ‘नायतर’ ठेवलं. एआय त्याचं ‘पंढरपूरहून’ आणि ‘अन्यथा’ करतं, आणि मग बोलणारा माणूस कुणीही असला तरी फरक पडत नाही. याबाबतीत मी हट्टी आहे.

बोलण्यात चालतं ते वाचताना अडतं, हेही लक्षात ठेवा. हरिपूरच्या पेवांवरच्या भागात एक अडते काका म्हणाले, “त्या पुरात पेवं गेली.” समोर बसलेल्या आम्हाला कळलं. वाचणाऱ्याने कोणता पूर समजायचा? सांगलीने २००५ पाहिला, २०१९ही पाहिला. फोन करून विचारलं, तर ते २००५बद्दल बोलत होते. जमिनीखाली हळद साठवायची ती पेवं कृष्णेच्या पाण्याने खचली, हेही आम्हीच लेखात जोडलं, कारण पुण्यातल्या वाचकाला ‘पेव’ म्हणजे काय ते ठाऊक असेलच असं नाही.

छापण्याआधी लेख पाहुण्यांना वाचून दाखवा, शक्यतो फोनवर. हसत हसत दुसऱ्या व्यापाऱ्याबद्दल बोललेलं वाक्य कागदावर आरोप होतं, कारण हसू ट्रान्स्क्रिप्टमध्ये येत नाही. काकांनी अशी दोन वाक्यं काढायला सांगितली, आम्ही काढली.

दुरुस्त केलेलं पूर्ण ट्रान्स्क्रिप्टही तुमच्या साइटवर ठेवा. ॲपल पॉडकास्टने मार्च २०२४मध्ये आपोआप ट्रान्स्क्रिप्ट सुरू केली तेव्हा इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश एवढ्याच भाषा होत्या. कमी ऐकू येणाऱ्या मराठी माणसापर्यंत तुमचा भाग पोचवायचा तर हे तुम्हालाच करावं लागेल.

तीसही भाग एकदम काढू नका. मला एका भागाला ऐकणं धरून जवळजवळ अख्खा दिवस लागतो. ज्या भागानंतर लोकांनी तुम्हाला फोन करून काही विचारलं, तो आधी घ्या. त्यांनी काय विचारलं ते आठवून लिहून काढा, लेखाचा पहिला परिच्छेद बहुधा त्यातच असेल.