‘नॉन-रिफंडेबल’ तिकीट रद्द केलं, तरी काही पैसे परत मिळतातच

प्रश्न : आम्ही साताऱ्याला राहतो. एका साइटवर सगळ्यांत स्वस्त मिळाली म्हणून पुणे-दिल्लीची चार विमान तिकिटं काढली. सासऱ्यांना अचानक दवाखान्यात ठेवावं लागल्यामुळे दोन दिवस आधी ती रद्द केली. साइटवाले म्हणतात, तिकीट नॉन-रिफंडेबल आहे, फार तर कूपन देऊ. विमान कंपनी म्हणते, साइटलाच विचारा. आता काय करावं?

उत्तर : ताई, आधी एक करा. त्या कूपनवर ‘अॅक्सेप्ट’ दाबू नका. परताव्याचे पैसे हातात घ्यायचे की पुढच्या प्रवासासाठी कंपनीकडे ठेवायचे, हे प्रवाशाने ठरवायचं असतं. डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संचालनालयाचा, नियमच तसा आहे.

तुम्ही पाठवलेलं तिकीट समोर आहे. माणशी मूळ भाडं २,२५० रुपये, विमानतळाची यूडीएफ (विमानतळ वापरण्याचं शुल्क) ७२०, सुरक्षा शुल्क २३६, शिवाय जीएसटी. ‘नॉन-रिफंडेबल’ हा शब्द लागतो तो भाड्याला. विमानतळाची शुल्कं आणि सरकारी कर कंपनीने परत करायलाच हवेत, मग तिकीट सवलतीचं असो की खास ऑफरचं. तुम्ही विमानतळावर गेलाच नसतात तरीही. नुसती यूडीएफ आणि सुरक्षा शुल्क धरलं तरी चौघांचे ३,८२४ रुपये होतात. जीएसटीवरून कंपनी वाद घालेल, पण मागणीत तोही लिहा. साइटची कन्व्हिनियन्स फी मात्र बहुधा सोडून द्यावी लागेल. तिकीट जितकं स्वस्त, तितका त्यात या शुल्कांचा वाटा मोठा, आणि नेमकी स्वस्त तिकीट काढणारी माणसंच ‘स्वस्तातलं होतं, गेलं’ म्हणून गप्प बसतात. याचं मला फार वाईट वाटतं.

‘साइटला विचारा’ हे उत्तर चालणार नाही. एजंट किंवा पोर्टल हे कंपनीचेच प्रतिनिधी. परताव्याची जबाबदारी कंपनीची, हेही त्याच नियमात आहे. पीएनआर, रद्द केल्याची तारीख आणि रकमेचा हिशोब देऊन कंपनीला ईमेल करा, साइटला प्रत ठेवा. ईमेलचा पत्ता तिकिटावरूनच घ्या. इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ शोधून सापडलेल्या नंबरवर फोन करून लोक खातं रिकामं करून बसलेत.

दाद लागली नाही, तर एअरसेवा या विमान प्रवाशांच्या तक्रारींसाठीच्या सरकारी पोर्टलवर आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तरीही नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथेच, म्हणजे साताऱ्यातच, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण ईमेल आजच पाठवा.