हाताने खायची लाज

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी ऑफिसची माणसं जेवायला होती, तेव्हा मी आमटीभात चमच्याने खाल्ला. ती गेल्यावर उरलेला भात पातेल्यातच कालवून हाताने ओरपला. "बाबा, हाताने खायची तुला लाज वाटते का?" असं तू विचारलंस आणि मी भांडी घासायला पळालो.

जानेवारी २००७. तू जन्मायची होतीस, मी लंडनला नवा होतो. चॅनल फोरवर 'सेलिब्रिटी बिग ब्रदर' चालू होतं, आपल्या 'बिग बॉस'सारखंच, नामवंतांना एका घरात कोंडून. त्या घरात आपल्या चेंबूरला वाढलेली शिल्पा शेट्टी होती. सोबतची स्पर्धक जेड गुडी हिने तिला 'शिल्पा पापडम' करून टाकलं. शिल्पाने कोंबडी केली, तर ती कच्ची राहिली म्हणून टोमणे. हिचे हात कुठेकुठे लागले असतील कोण जाणे, असंही एकीने म्हटलं. ऑफकॉमकडे, म्हणजे तिथल्या टीव्हीवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे, ४४ हजारांवर तक्रारी गेल्या. ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन नेमके भारत दौऱ्यावर, तर तिथेही त्यांना हाच प्रश्न. शेवटी लोकांनीच शिल्पाला ६३ टक्के मतं देऊन जिंकवलं.

माझे सहकारीही तिच्याच बाजूचे. मला कुणी चकार शब्द बोललं नाही. तरी दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यातली पोळीभाजी गेली आणि सँडविच आलं. हात कुठे लागले, हे वाक्य माझ्याच बोटांना चिकटलं होतं बघ.

जेडचे स्वतःचे वडील मिश्रवंशी होते. पुढच्या वर्षी ती लोणावळ्याच्या 'बिग बॉस'मध्ये आली, सूत्रसंचालक शिल्पाच. तिथेच तिला कॅन्सर झाल्याचं कळलं आणि मार्च २००९ मध्ये ती गेली. मला तिचा राग धरून ठेवता आला नाही.

आणखी एक. तुझ्या पणजीकडे कामाच्या मावशींचा कप वेगळा असायचा, मोरीच्या कट्ट्यावर पालथा. त्यांनी घासलेल्या ताटात आम्ही जेवायचो, पण त्यांचा कप आमच्या कपांत मिसळायचा नाही. टीव्हीसमोर मुठी आवळून बसलो होतो, तेव्हा तो कप मला आठवला नाही. फार वर्षांनी आठवला.

पुढच्या महिन्यात तीच माणसं पुन्हा येताहेत. आईला म्हटलंय, बांगड्याचं कालवण कर. त्याचे काटे चमच्याने निघत नाहीत.

तुझा,
बाबा