छताचं कापड लोंबलंय? गोंदाची बाटली आधी खाली ठेवा

तुमच्या बारा वर्षांच्या हॅचबॅकचं छताचं कापड मागच्या बाजूला लोंबतंय, आई बसल्या की त्यांच्या अंबाड्याला लागतं, कुशनवाल्याने सांगितलेला आकडा जास्त वाटतोय, तर वरूनच गोंद सोडून चिकटवू का, असं तुम्ही विचारलंय. नका चिकटवू. मी ते करून बसलोय. इंजेक्शनच्या सुईने गोंद आत सोडला, आठवडाभर झकास राहिलं. मग दिवसभर गाडी उन्हात उभी राहिली आणि पुन्हा फुगा, वर कापडाला पिवळे डाग ते वेगळेच.

कापड नुसतं गोंद सुटल्यामुळे लोंबत नाही. त्याच्या पाठीला पॉलियुरेथेन फोमचा पातळ थर असतो आणि ऊन व दमटपणा यांनी तो थरच कुजतो. एक कोपरा सोलून बोट फिरवून बघा, बेसनासारखा चिकट भुगा हाताला येईल. नवा गोंद त्या भुग्याला धरतो, कापड ज्यावर चिकटवलेलं असतं त्या वरच्या बोर्डाला नाही.

म्हणजे बोर्ड बाहेर काढणं आलं. पण थांबा, गाडीला कर्टन एअरबॅग, म्हणजे अपघातात बाजूच्या खिडक्यांवर उघडणाऱ्या हवेच्या पिशव्या, असतील (पिलरच्या, म्हणजे छत धरणाऱ्या खांबांच्या, प्लास्टिकवर तसं लिहिलेलं असतं), तर हे काम सरळ वर्कशॉपला द्या. ती पिशवी लायनिंगच्या कडेलाच घडी करून बसवलेली असते, तिथे हौस नको.

नसतील तर सनवायझर, हँडल, दिवा, पिलरची प्लास्टिकं आणि दारांची रबरं काढायची. क्लिपा स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, प्लास्टिकची पट्टी वापरा. तरी दोन-चार तुटतातच, जुना नमुना दाखवून जास्तीच्या आधीच आणून ठेवा. पुण्यात असाल तर नाना पेठेत मिळतील. बोर्ड डिकीच्या दारातून दोघांनी मिळून काढा. मध्ये वाकला की पडलेली घडी नव्या कापडातूनही दिसते.

खरं काम पुढे आहे. मास्क लावा, नायलॉनच्या ब्रशने भुगा घासा, झटका, पुन्हा घासा. तारेचा ब्रश नको, बोर्डाचे पापुद्रे निघतात. मला यालाच अख्खी सकाळ लागली, चिकटवणं तासाभरात उरकलं. तळहात फिरवल्यावर कोरडा राहिला पाहिजे.

कापड फोम लावलेलंच घ्या, साध्या कापडातून गोंद वर उमटतो. गोंद उष्णता सोसणारा, रबराचा काँटॅक्ट अ‍ॅडेसिव्ह. तो बोर्डाला आणि फोमला, दोन्हीकडे लावायचा आणि बोटाला चिकटेनासा होईपर्यंत वाट बघायची. मग मधून सुरुवात करून कडेकडे हाताने दाबत जायचं. खोलगट जागी कापड ताणू नका, आत ढकला. ताणलेलं पहिल्या उन्हाळ्यात सुटतं. कडेला चार बोटं जास्तीचं सोडून मागे दुमडा. आणि हे पावसाळ्यात काढू नका. गोंदातलं द्रावण उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं बाष्प धरतं आणि पकड कच्ची राहते. थंडीतली कोरडी दुपार उत्तम, खिडक्या उघड्या ठेवून आणि विडी-सिगारेट लांब ठेवून.

दिव्याचं भोक शेवटी कापा, तेही आधी फुलीसारखी चीर देऊन. मी उत्साहात पूर्ण मापाचं कापलं. दिव्याच्या डाव्या बाजूला बोर्डाची नखभर कड अजून दिसते, आणि सिग्नलला थांबलो की नजर तिथेच जाते.